पत्र न घेता

विश्वविक्रम दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी झाला. दोन अकराला झटपटने जांभई दिली, खुर्ची मागे सरकवली आणि तो गॅलरीतले कपडे काढायला गेला. कपडे कडक वाळले होते. त्याने घड्या घातल्या, मोज्यांच्या जोड्या लावल्या आणि दोरीवरचे चिमटे रंगांप्रमाणे वेगळे केले. त्या दुपारी त्या घरात विक्रम वगैरे काही झालेला नव्हता.

संध्याकाळी ताई कामावरून आली. ती दाताच्या कवळ्या बनवायची. दिवसभर परक्यांचे दात हाताळल्यामुळे माणूस खरं बोलतोय की नाही हे तोंड उघडण्याआधीच कळतं, असा तिचा दावा होता. तिने कपाट उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"काय लपवतोयस?"

"काही नाही."

"मोज्यांच्या जोड्या लागल्यात. या घरात हे आजवर झालेलं नाही."

आज वारा होता, असं तो म्हणाला. वाऱ्याने मोजे जुळवल्याचं ताईने कधी ऐकलं नव्हतं. तिने विषय सोडला, पण जेवताना दोनदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

आंघोळीला पाऊण तास घेणाऱ्या या माणसाला जग झटपट म्हणायचं ते एका जुन्या व्हिडिओ गेममुळे. गेममध्ये एक छोटा पोस्टमन होता. टपालघरातून पत्र घ्यायचं, डोंगर चढायचा, पलीकडच्या गावात ते द्यायचं. जगभरातले दोनेकशे लोक हे जास्तीत जास्त लवकर करण्याच्या खटपटीत होते. त्यांतल्या कुणीतरी शोध लावला होता की टपालघराशेजारच्या भिंतीत एका ठरावीक कोनातून घुसलं, तर पत्र घ्यावंच लागत नाही. पोस्टमन रिकाम्या हाताने गावात पोचतो, गावकरी आभार मानतात, गेम संपतो. झटपटने सहा वर्षं खपून स्वतःच्याच वेळेतून दोन सेकंद कमी केले होते. चौदा मिनिटं सात सेकंद. पत्र न घेता पत्र पोचवण्यात तो आता जगात पहिला होता.

नियमाप्रमाणे दोन कॅमेरे लागत, एक हातांवर, एक चेहऱ्यावर. ते चित्रण विक्रम नोंदवणाऱ्या समितीकडे पाठवायचं असे. त्याने ते सवयीने पाठवलं आणि विसरून गेला. आठ दिवसांनी समितीच्या तपासनीसाचा व्हिडिओ कॉल आला. हा गृहस्थ एरवी विमा कंपनीत होता. गाडी जळली की जाळली, हे तो राखेकडे बघून सांगायचा.

"हात तुमचेच आहेत," तपासनीस म्हणाला. "चेहऱ्याबद्दल मला शंका आहे."

"चेहरापण माझाच आहे, साहेब."

"मी तीनशेवर विक्रम तपासलेत. लोक ओरडतात. रडतात. एक जण खुर्चीसकट खिडकीबाहेर जाता जाता वाचला. जांभई मी पहिल्यांदाच पाहिली."

झटपटने मान डोलावली. तपासनीसाने हेही लिहून घेतलं.

शंका अशी होती की चेहऱ्याचं चित्रण दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसाचं आहे. ती टिकली तर हा विक्रम जाईलच, शिवाय सहा वर्षांच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील आणि नावापुढे 'संशयास्पद' हा शेरा कायमचा राहील. एकच उपाय होता. रविवारी सकाळी दहाला, तपासनीसाच्या डोळ्यांदेखत, घरातला एक साक्षीदार खोलीत बसवून पुन्हा खेळायचं. कितीही वेळ लागला तरी चालेल, फक्त चेहऱ्यावर उजेड नीट हवा.

झटपट चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दुकानात आरसे भरपूर. तो आठवडाभर येताजाता आनंदाचा सराव करत राहिला. गुरुवारी एका बाई सोनेरी फ्रेम लावून बघत होत्या. आरशात मागे त्याचं तोंड दिसलं, तशी त्यांनी फ्रेम काढून ठेवली आणि न बोलता निघून गेल्या. मालकाने त्याला आतल्या खोलीत बसायला सांगितलं.

आत बसून त्याने फोनवर स्वतःचं चित्रण पाहिलं. बोटं अचूक चालत होती. वरचा चेहरा बसथांब्यावरच्या माणसासारखा होता, आणि बससुद्धा दुसऱ्याच कुणाची तरी. तिसऱ्यांदा पाहिल्यावर त्याला तपासनीसाचं पटू लागलं. खेळताना तिथे तो नव्हताच. मग कोण होतं, हे मात्र चित्रणात कुठे दिसत नव्हतं.

रविवारी साक्षीदार म्हणून ताई पलंगावर बसली. तपासनीस पडद्याच्या कोपऱ्यात होता. त्याने ताईला हात वर करायला लावले, का ते सांगितलं नाही.

घड्याळ सुरू झालं. पोस्टमन टपालघरापाशी आला आणि दाराकडे पाठ करून भिंतीकडे वळला.

"अरे, पत्र?" ताई म्हणाली.

"पत्र घेत नाहीत."

"मग तो जातो कशाला?"

साक्षीदाराने बोलायचं नसतं, असं तपासनीसाने बजावलं. पण झटपटची बोटं थांबली होती. सहा वर्षांत त्या दोनशे जणांपैकी कुणीही हे विचारलं नव्हतं. घड्याळ चाललं होतं. भिंत समोर होती, कोनही बरोबर जुळला होता. त्याने पोस्टमनला मागे फिरवलं, टपालघराचं दार उघडलं आणि फळीवरचं पत्र उचललं.

"अकरा सेकंद गेले," तपासनीस म्हणाला.

झटपटने पत्र उघडलं. पत्र उघडता येतं हे नियमावलीत होतं, पण ते कुणी उघडत नसे, चार सेकंद जातात म्हणून. त्यानेही स्वतः कधी उघडलं नव्हतं. तो पाच वर्षांचा असताना ताईने वाचून दाखवलं होतं, तेवढंच. डोंगरापलीकडे एक अस्वल राहतं, त्याची दाढ दुखतेय, आणि सगळ्या गावात न घाबरणारा असा हा पोस्टमनच आहे. तीन पानी पत्र होतं. ती रोज थोडं वाचायची, रोज अस्वलाचा आणखी एक दात हलायचा. पोस्टमन पोचायला अकरा दिवस लागले. गावात अस्वल नव्हतं. ते दाताच्या डॉक्टरांकडे गेलंय, असं ताईने सांगितलं होतं.

पडद्यावर एकच ओळ होती. 'साठ पोती मीठ पाठवा.'

त्याने ती दोनदा वाचली. मग खुर्ची वळवली.

"ताई, अस्वल कुठंय?"

"कुठलं अस्वल?" तपासनीसाने विचारलं.

ताई चादरीची सुरकुती सारखी करत होती.

"तुला वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "मीठ म्हटलं असतं, तर चढला असतास का डोंगर?"

तेव्हा झटपटच्या चेहऱ्याचं काय झालं ते त्याला दिसलं नाही. तपासनीस मात्र वाकून वाकून लिहून घेत होता.

पुढे पोस्टमन रस्त्याने गेला. पुलावर थांबला, एका विहिरीत डोकावला, दोनदा वाट चुकला. ताई मागून डावीकडे, उजवीकडे सांगत होती आणि हटकून चुकीचं सांगत होती. तपासनीसाने घड्याळ केव्हाच बंद केलं होतं, पण कॉल बंद केला नाही. एकदा त्याने खाकरून विचारलं की पुलाखाली उतरता येतं का. येत होतं. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा मीठवाल्याला पत्र मिळालं.

बुधवारी समितीचं पत्र आलं. रविवारचा प्रयत्न पत्र घेतल्यामुळे बाद होता. संबंधित चेहरा खरा असल्याची मात्र खात्री पटली होती, त्यामुळे विक्रम कायम करण्यात येत होता. सोबत सहीसाठी नमुना होता. झटपटने विक्रमाची चौकट कोरी सोडली, शेवटच्या 'इतर काही विनंती' या रकान्यात लिहिलं, आणि जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला गेला:

'महोदय, सदर खेळाडूची चौदा मिनिटे सात सेकंद ही नोंद रद्द करून त्या जागी अकरा दिवस अशी नोंद घेण्यात यावी. ती दोन व्यक्तींच्या नावे असावी. पैकी एकास त्या वेळी वाचता येत नव्हते व दुसरीने वाचताना गैरप्रकार केला, हे मान्य आहे. गैरप्रकाराबद्दल तिने सदर पत्र, अस्वलासह, पहिल्या पानापासून पुन्हा वाचून दाखवावे, असा आदेश समितीने आपल्या अधिकारात द्यावा, ही विनंती. घरी तोंडी विचारले असता नकार मिळाला आहे.'