डाव्या हातातला नारळ

कुवेतमधल्या फरवानियातल्या माझ्या घरात शुक्रवारी दुपारी बेचाळीस माणसं होती आणि दाराबाहेर चपलांचे सत्तावीस जोड होते. उरलेली मंडळी चपला हातात घेऊन आत आली होती, कारण मागच्या शुक्रवारी तीन जोड गेले होते. देवावर विश्वास होता, शेजाऱ्यावर नव्हता.

माझी खाणावळ. अठरा माणसं रोज जेवतात, सगळी कोकणातली, एकटी राहणारी. कुणी सुतार, कुणी प्लंबर, कुणी एसीवाला. मला सगळे काकी म्हणतात आणि घाबरतात, दोन्ही योग्यच आहे. मी चौथी शिकले. पाचवीला गेले असते तर काय झालं असतं ते माहीत नाही, पण या घरात माझ्यापेक्षा शहाणं कुणी झालेलं मला अजून दिसलेलं नाही.

तर ती बेचाळीस माणसं जमली होती जयप्रकाश महाराजांसाठी. महाराज व्हिजिट व्हिसावर आले होते. आधी मुंबईत पाण्याचे फिल्टर विकायचे, हे त्यांनीच सांगितलं. पुढे देवाने त्यांना सांगितलं की पाणी पुरे, आता माणसं शुद्ध कर. त्यांचा उपवास चालू होता. म्हणून ते फक्त साबुदाणा, बदाम, खजूर, केळी, दूध आणि माझ्या हातचे शिंगाड्याचे लाडू घेत.

महाराज कौल लावत. गावाकडे देवाला कौल लावतात हे आमच्या प्रत्येक माणसाला ठाऊक. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कुवेतमध्ये देऊळ कुठलं? म्हणून महाराज माणसालाच मूर्ती करत. माझ्या स्वयंपाकघराच्या अरुंद दारात माणूस उभा करायचा, डाव्या हातात नारळ देऊन तो छातीशी धरायला लावायचा. उजव्या हाताची मागची बाजू चौकटीला टेकवून जोर लावायला सांगायचं. "ढकल. पाप बाहेर ढकल," म्हणायचे. मग सगळ्यांनी एकवीस वेळा जप करायचा. जप संपला की माणसाने दारातून एक पाऊल पुढे यायचं आणि हात सैल सोडायचा.

आणि तो हात आपोआप वर जायचा. कुणी उचलत नाही, धरत नाही. ओहोळात दाबून सोडलेली फळी वर यावी तसा बाजूने खांद्यापर्यंत वर यायचा. माणसाचे डोळे विस्फारलेले, आणि महाराज म्हणायचे, "उजवा कौल."

आमचा महादेव सुतार याच दारात उभा राहिला होता. नऊ दिवसांपूर्वी तो आणि त्याचा जोडीदार रूपेश एक जड कपाट जिन्यातून उतरवत होते. रूपेशचा हात सुटला, सगळं ओझं महादेवच्या उजव्या हातावर आलं आणि कोपरापाशी टच् असा आवाज झाला. हात काळानिळा झाला. दंडात वरच्या बाजूला लिंबाएवढा गोळा बसला. रूपेशला अपराधी वाटत होतं, म्हणून त्याने जाऊन महाराजांना आणलं. महाराजांनी गोळा चाचपला आणि सांगितलं, बाधा वर चढते आहे, एकवीस दिवसांत खांद्यातून निघून जाईल, तोवर डॉक्टरची सावलीही नको. मग कौल लावला. महादेवचा दुखरा हात सगळ्यांदेखत वर गेला. तो लहान मुलासारखा रडला.

मला ते हात वर जाणं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं.

बुधवारी आठवलं. माझ्याकडे तांदळाचं पोतं भिंतीशी उभं असतं आणि सारखं कलतं. मी ते हाताच्या मागच्या बाजूने रेटून धरते आणि दुसऱ्या हाताने तांदूळ मापते. बाजूला झाले की माझा हात वर तरंगतो. सात वर्षं तरंगतो आहे. मी कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं, काढली होती ती पोतं आणून कलतं ठेवणाऱ्या वाण्याची, कासमभाईची, आई.

कासमभाईची बायको खैरुन्निसा खालच्या मजल्यावर राहते, रत्नागिरीची, इस्पितळात हाडांच्या वॉर्डात मदतनीस आहे. मी तिला पोत्याचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, मिनिटभर जोराने ताणून धरलेला स्नायू लगेच गप्प बसत नाही, आपण थांबलो तरी तो मागचंच काम थोडा वेळ करत राहतो. मग मी महादेवच्या गोळ्याचं सांगितलं. तिचं हसू गेलं.

"किती दिवस झाले?"

"सात."

"चंपाबाई, हाडापासून सुटलेलं मांस दोन-तीन आठवड्यांच्या आत शिवावं लागतं. नंतर ते आखडतं. मग सुताराचा हात सुताराचा राहत नाही."

म्हणून शुक्रवारी बेचाळीस माणसांसमोर मी हात पुसले आणि म्हटलं, महाराज, मलाही कौल लावायचाय. ते खूश झाले. त्यांनी नारळ माझ्या डाव्या हातात दिला. मी तो उजव्यात घेतला.

"डाव्यात धरा, काकी."

"का? देवाला दोन्ही हात चालत नाहीत?"

"नियम आहे."

"माझ्या घरात नियम माझे," असं म्हणून मी नारळ उजव्या हाताने छातीशी धरला, डावा हात चौकटीला लावला आणि गाऱ्हाणं घातलं: महादेवने डॉक्टरकडे जाऊ नये हे खरं का? सगळ्यांनी जप केला. मी पाऊल पुढे टाकलं. डावा हात वर गेला.

डावा कौल. देव नाही म्हणाला.

मी नारळ डाव्या हातात घेतला, तेच गाऱ्हाणं परत घातलं, जप परत झाला. उजवा हात वर गेला. देव आता हो म्हणत होता. मग मी नारळ रूपेशकडे दिला, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावले आणि काहीच विचारलं नाही. जपही नको म्हटलं. जपाला लागतो तेवढा वेळ नुसती रेटत राहिले. पाऊल टाकलं, तर दोन्ही हात वर.

"हा कौल कसला समजायचा, महाराज? ज्या हातात नारळ तो हात गप्प, आणि जो चौकट रेटतो तो वर. देव नारळात आहे की चौकटीत?"

महाराज म्हणाले, तुमची श्रद्धा नाही.

"श्रद्धा नाही तर हात वर गेला कसा?"

महाराज रूपेशच्या हातातला नारळ परत घेऊ लागले.

पण महादेव पुढे आला. "काकी, तुमचा हात चांगला आहे. माझा तर मोडलेला होता. तो कसा गेला?"

शुक्रवारी माझ्याकडे कोंबडी असते. मी कोंबडीचा पाय आणला, वरून कापलेला. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या दोऱ्या दिसतात. मागची दोरी ओढली, बोटं मिटली. पुढची ओढली, बोटं उघडली. बघ, म्हटलं, मांस फक्त ओढतं. ढकलता त्याला येत नाही. म्हणून मिटायला एक आणि उघडायला दुसरं, अशी जोडी लागते. आणि मांस हाडाला धरून असतं ते या दोरीने. मग मी मागची दोरी सुरीने मधोमध कापली आणि वरचा तुकडा ओढला. तो सरकन वर आला. बोटं हलली नाहीत.

"तुझ्या कोपराची दोरी अशी तुटली. मांस वर जाऊन गोळा झालं, तीच तुझी बाधा. हात बाजूने उचलतं ते खांद्याचं मांस. ते तुझं धडधाकट आहे. महाराजांनी तुझं न मोडलेलं बरं करून दाखवलं."

मी महादेवच्या हातात पेचकस दिला. इतक्या माणसांनी रेटून माझी चौकट ढिली झाली होती, तिचा एक स्क्रू बाहेर आला होता. घट्ट कर, म्हटलं. स्क्रू आवळताना तळवा वर फिरवायचा असतो आणि ते काम त्याच तुटलेल्या मांसाचं, हे खैरुन्निसाने मला सांगून ठेवलं होतं. पंधरा वर्षं सुतारकी केलेल्या माणसाने उजव्या हाताने पेचकस लावला. तो फिरेना. सगळं अंग कलतं करून फिरवायला गेला, पेचकस निसटला.

तेव्हा तो खरं बोलला. अगदी हळू. "काकी, व्हिसाचे कागद बघणाऱ्या कंपनीच्या मंदूबला कळलं तर माझा अकामा, इथे राहायचा परवाना, कॅन्सल करून घरी पाठवतील. म्हणून मला महाराजांचं पटलं."

मला त्याचा राग आला नाही. माणूस भुलतो तो मूर्ख असतो म्हणून नाही, घाबरलेला असतो म्हणून.

"इथे राहशील रे," मी म्हटलं, "पण हात नसलेला सुतार अकाम्याचं काय करणार?"

रूपेशने महादेवची चप्पल शोधून दिली. महाराज कधी गेले ते कुणी पाहिलं नाही. जाताना लाडवांचा डबा नेला, म्हणजे उपवास चालूच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खैरुन्निसा महादेवला घेऊन गेली, दुखापतीच्या बाराव्या दिवशी डॉक्टरांनी दोरी हाडाला शिवली. मंदूबने आरडाओरडा केला, महिनाभर तोंड वाकडं ठेवलं आणि मग महादेवला हलकं काम दिलं, कारण कपाटं बसवणारा तसा दुसरा त्याच्याकडे नव्हता.

चौकट मी मुद्दाम ढिलीच ठेवली. रूपेश दोनदा पेचकस घेऊन आला, मी दोनदा हाकलला.

माझं सांगणं एवढंच आहे. आपोआप काही झालं की हात जोडण्याआधी विचारा, हे दुसऱ्या हाताने केलं तर काय होईल? खरं असेल ते दोन्ही हातांनी खरं राहील. आणि अंगात काही तुटलं तर अंगाचं ज्याला कळतं त्याच्याकडे जा, वेळेत जा. कोंबडी खाता, तर तिचा पायही एकदा नीट बघा.

हात शिवल्यानंतर पाचव्या महिन्यात एका शुक्रवारी महादेव जेवायच्या आधी आला. काही न बोलता त्याने पेचकस काढला आणि उजव्या हाताने चौकटीचे चारही स्क्रू आवळले. तळवा दर वेळी वर फिरत होता. मी मोजत होते.

"चौकट आता हलणार नाही, काकी."

मी हलवून पाहिली. हलली नाही.