पान लागलं

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्न होऊन आल्यापासून आजवर साप हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. महाडकडच्या त्यांच्या गावात तो कोणी काढतच नाही. नाव घेतलं की त्याला आपण बोलावलं असं वाटतं, मग तो येतो. म्हणून साप म्हणजे जनावर, आणि साप चावला म्हणजे पान लागलं. आमच्या घराने देव सोडले, उपास सोडले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लावले, पण जनावराचा हा मान आत्यांनी काही सोडला नाही. मला हे सासरी आल्यावर कळलं. माझ्या मुलाला, दिपेशला, कोणी सांगितलंच नाही. कोपरखैरण्यात तिसऱ्या मजल्यावर कोणाला पान लागणार होतं?

दिपेश आणि त्याची बायको सोनम यांनी हप्त्यावर कॅमेरा घेतला होता. भिंग एवढं मोठं की पाटा-वरवंट्यातला वरवंटाच. त्यातून त्यांना बिबट्या बघायचा होता, म्हणून ऑक्टोबरातल्या एका रविवारी गाडी काढून, ऐरोलीचा पूल ओलांडून आम्ही येऊरला गेलो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कची ही ठाण्याकडची बाजू. आत्या म्हणाल्या, मी पण येणार, लहानपणी वाघ पाहिला होता, मरायच्या आधी परत एकदा बघते. त्यांच्या लेखी बिबट्याही वाघच.

परवानगी घेऊन तिघं पायवाटेला लागली. नऊवारीखाली दिपेशचे जुने बूट घालून आत्या सगळ्यांच्या पुढे. माझा गुडघा त्या आठवड्यात चपातीसारखा फुगला होता, म्हणून मी गेटजवळ गोटीरामच्या चहाच्या टपरीवर बसले. सासू डोंगरात आणि सून बाकड्यावर, हे बघून गोटीरामला फार गंमत वाटली.

दुसरा चहा घेताना दिपेशचा फोन आला. आवाज तुटत होता. बिबट्या सोड, साधं माकडही दिसलं नाही म्हणाला. मग हसत म्हणाला, "आणि आजीचं वेगळंच. हाताला पान लागलं म्हणते. सोनमने सॅनिटायझर चोळलंय. आम्ही जरा वर ओढ्यापर्यंत जाऊन येतो."

"दिप्या, थांब," मी म्हणाले, पण फोन गेला होता.

परत लावला, लागेना. सोनमचा लावला, तोही लागेना. मेसेज टाकला, 'आजीला साप चावलाय, चालवू नका'. त्यावर एकच करडी खूण आली आणि तिथेच राहिली. मी सासरी गेले त्या पहिल्याच वर्षी शेजारच्या जनाकाकांना पान लागलं होतं. दवाखाना घाटापलीकडे, म्हणून लोकांनी त्यांना चालवत नेलं. घाट उतरून झाला, पण काका पोचले नाहीत. डॉक्टर नंतर म्हणाले होते, चालवायला नको होतं. आणि इथे आमची पोरं आजीला ओढा दाखवायला निघाली होती.

गोटीरामला मी एवढंच म्हणाले, "आमच्या म्हातारीला पान लागलंय."

त्याने गॅस बंद केला. कधी, कसं, काही विचारलं नाही. फक्त कुठल्या वाटेला गेलेत ते विचारलं, गेटवरच्या गार्डला हाक मारली आणि मोटरसायकल काढली. मी मागे बसले. तो म्हणाला, मावशी, तुमचा गुडघा. मी म्हणाले, चल.

गाडी जिथवर गेली तिथवर गेलो. पुढे दगड आणि करवंदीच्या जाळ्या. गोटीराम पुढे पळाला, मी त्याच्या मागे. हाका मारल्या तर जंगल ऐकून घेत होतं, उत्तर देत नव्हतं. मेसेजची खूण बघायला फोन काढायचीही भीती वाटत होती. मनात एकच गणित चाललं होतं, की आत्या जितक्या पुढे जातायत तितकं विष वर चढतंय.

वळणावर बांबूचं बेट होतं. त्याच्या पलीकडून आत्यांचा आवाज आला. लहानपणचा वाघ सांगत होत्या. त्या चालत होत्या, पदराखाली डावा हात धरून.

"खाली बसवा त्यांना," मी ओरडले. "एक पाऊल टाकू नका."

दिपेशला वाटलं, मलाच काही झालंय. तो माझ्याकडे धावला. मी त्याला बाजूला सारलं आणि आत्यांना दगडावर बसवून विचारलं, "कुठं लागलं पान?"

त्यांनी पदर बाजूला केला. तर्जनीच्या मुळाशी दोन बारीक ठिपके. पंजा फुगलेला, सूज मनगटापर्यंत आलेली, काचेची काकणं मांसात रुतलेली. सोनमने तोंडावर हात नेला. ती पुटपुटली की आजी म्हणाल्या पान, आम्हाला वाटलं खाजरं पान.

काकणं निघेनात. मी आत रुमाल सारून दगडाने एकेक फोडली. आत्या माझ्याकडे बघत होत्या, चूक केलेल्या पोरीसारख्या.

"एवढं दुखत होतं तर बोंब का नाही मारली?" मी म्हणाले. राग मला भीतीपोटीच आला होता.

"सांगितलं की गो त्यांना. पोरीने लगेच बाटलीतलं औषध लावलं. थंड वाटलं." त्या दम घेऊन म्हणाल्या, "म्हटलं, शिकलेली पोरं, आता यावर पन औषध निघालं असंल."

दिपेश पुढे झाला. गळ्यातला कॅमेरा काढून सोनमकडे दिला, आजीसमोर पाठ करून बसला आणि तिला पाठुंगळी घेतलं. त्याला स्वतःची बॅग उचलायचा कंटाळा येतो. गोटीराम पुढे फांद्या सारत होता, मी मागून आत्यांचा हात हलू नये म्हणून धरला होता. माझ्या गुडघ्याचं मला घरी आल्यावर आठवलं.

ठाण्यातल्या सरकारी हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीण होती. तिने आत्यांना विचारलं, काय चावलं आजी? आत्या म्हणाल्या, पान. डॉक्टरणीने मान वर केली.

"साप," दिपेश म्हणाला. "आजीला साप चावलाय. ती नाव घेत नाही."

आत्यांनी डोळे मिटून घेतले.

कुठला साप, कुणी पाहिला का? आत्या एवढंच म्हणाल्या, हिरवं होतं. आधी वाटेत दम खायला बसल्या होत्या, त्या दगडावरून उठताना त्यांनी बांबूला हात घातला होता. मग सोनमला आठवलं की त्या दगडावर तिने आजीचा फोटो काढला होता. तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मोठा करत नेला. आजीच्या खांद्यामागे बांबूची पानं. त्यातल्या एका पानाला डोळा होता.

चापडा, डॉक्टरीण म्हणाली. विषारी, पण घोणस किंवा नागाइतका जिवावरचा नाही बहुतेक वेळा. वय बघता काही सांगता येत नाही म्हणाली, आधी रक्त बघू. तिने आत्यांचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. ही हलवू नका. रक्त गोठलं तर चांगलं, पातळच राहिलं तर विष रक्तात भिनलंय.

मग आम्ही चौघं त्या नळीकडे बघत बसलो. आत्यांच्या हाताची सूज कोपरापर्यंत चढली होती. बाहेर रिक्षावाले भांडत होते. दिपेश आजीच्या पायातले आपलेच बूट सोडवत होता, आणि नाडीची गाठ त्याला सुटत नव्हती. मी बुद्धाचं नाव घेतलं, आणि खरं सांगते, माहेरच्या देवीचंही घेतलं. अशा वेळी कोणी हिशेब मागत नाही.

डॉक्टरीण आली. नळी उचलून हळूच तिरकी केली.

रक्त जागचं हललं नाही.

"गोठलंय," ती म्हणाली. "आज इथेच ठेवू, परत परत तपासू. पण हे चांगलं आहे."

दिपेश बूट हातात घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

संध्याकाळी सूज कोपराशीच थांबली. आत्यांनी विचारलं, मग वाघ नायच दिसला का कोणाला? सोनम त्यांच्या उशाशी बसली, कॅमेरा पुढे धरला.

"वाघ नाही, आजी. पण हे बघा, तुमच्या मागे कोण बसलंय, सा—"

ती थांबली. आत्यांकडे पाहिलं.

"पान," ती म्हणाली.

आत्यांनी चांगल्या हाताने तिच्या गालाला हात लावला, आणि फोटो बघायला मान पुढे केली.