दार उतरवल्यावर

शेवटचा स्क्रू काही केल्या फिरेना. हातगाडीवाल्याने तो शेवटी उपटूनच काढला, तेव्हा चौकटीचा एक ढलपा त्याच्याबरोबर निघाला आणि दार कलंडून न्योकाबीच्या खांद्यावर आलं. कुलूप कडीला तसंच लटकत होतं.

"कुलपासकट नेऊ?"

"ने. किहोरोकाकांच्या आवारात टाक. त्यांना माहितीये."

हातगाडी खडखडत गल्लीबाहेर गेली. शेजारच्या खोलीतली अकुमू धुणं धूत होती. तिने मान वर केली, मोकळी चौकट पाहिली आणि पुन्हा मान खाली घातली. केनियातल्या नाकुरू शहराच्या या वस्तीत दार नेलं की आणखी काही सांगावं लागत नाही. आत राहणाऱ्याचं भाडं थकलंय आणि मालकाचा धीर संपलाय, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं.

न्योकाबीच्या चार खोल्या होत्या. नवरा रेल्वेतून निवृत्त झाला तेव्हा मिळालेल्या पैशातून बांधलेल्या, पत्र्याच्या. नवरा गेला आणि खोल्यांवरच तिचं घर चालू लागलं. शेवटच्या खोलीत लुस्वेती राहायचा. गवंड्याच्या हाताखाली काम करायचा, शब्दाला गोड, पण पाय मोडून पडल्यापासून भाड्याच्या नावाने नुसते वायदे. म्हणून ती किहोरोकाकांकडे गेली होती. वस्तीतले सगळेच छोटे घरमालक त्यांच्याकडे जात. काकांच्या खोल्या किती ते काकांनाच ठाऊक, आणि सल्ला फुकट मिळायचा.

"भाडेकरूच्या घरी चहा प्यायचा नाही," काकांनी तिला लेकीच्या नावाने हाक मारत बजावलं होतं. "त्याच्या पोराबाळांची नावं विचारायची नाहीत. दुखणंखुपणं सांगायला लागला तर उभ्याने ऐकायचं. बसलीस की संपलीस, गथोनीच्या आई. आणि कुणाला हाकलायचं नाही. दार तेवढं उचलून आणायचं. तो कामावर गेला की आणायचं आणि माझ्याकडे ठेवायचं. आपल्याच पायांनी पैसे घेऊन येतो की नाही बघ."

आता दार गेलं होतं. उघड्या खोलीकडे बघून न्योकाबीला पहिल्यांदाच वाटलं, काकांनी पुढचं काही सांगितलंच नाही.

आत गादी नीट गुंडाळून ठेवलेली. कोळशाची शेगडी, दोन पातेली, खिळ्याला टांगलेला एक इस्त्रीचा शर्ट, भिंतीशी नवीकोरी थापी. लांबून बघितलं तर काहीच नाही, आणि उचलणाऱ्याला पुष्कळ. तेवढ्यात एक भंगारवाला गल्लीत शिरला. त्याने चाल मंद केली, चौकटीतून आत नजर टाकली, न्योकाबीकडे बघितलं आणि पुढे गेला. थोड्या वेळाने तोच उलट्या दिशेने आला.

यातलं पातेलं जरी गेलं, तरी चोर कुणीही असो, नाव तिचंच येणार. गथोनीच्या आईने भाड्यापायी गरिबाचं घर लुटवलं, म्हणतील. या वस्तीत इतकी वर्षं राहून तिने पैसा कमावला नव्हता. नाव तेवढं कमावलं होतं.

तिने किहोरोकाकांना फोन लावला.

"काका, खोली उघडी पडलीये."

"दार काढल्यावर उघडीच पडणार," काका हसले. "मग?"

"अहो, सामान आहे त्याचं आत."

"त्याचं ना? तुझं तर नाही? जाऊ दे गेलं तर. तो बोंबलत येईल, मग बोल भाड्याचं."

"दार परत पाठवता का?"

"दार इथंच आहे, केव्हाही ने. पण आज नेलंस तर माझ्या पायरीला पुन्हा सल्ल्याला येऊ नकोस. आणि उद्यापासून चारही खोल्यांचं भाडं विसर."

तिने फोन ठेवला. घरी जावं म्हणून चार पावलं टाकली आणि परत फिरली. आज बहिणीकडे भाचीला मागणी घालायला पाहुणे यायचे होते, आणि स्वयंपाक हिच्या अंगावर होता. तासाभरात बहिणीचे इतके फोन आले की तिने फोनच बंद करून कमरेला खोचला. ऊन पत्र्यावरून उतरून चौकटीत आलं. उभं राहून पाय भरून आले, तशी ती उंबऱ्यावर टेकली. लगेच उठली. मग पुन्हा टेकली.

"त्याचा फोन लागत नाहीये," अकुमू पिळे झटकत म्हणाली. "दुपारी येतो एरवी. आज काय झालं कोण जाणे." आणि मग तिला राहवलंच नाही. "दार नेलंत मालकीणबाई, आणि आता स्वतःच दार होऊन बसलात की!"

"तू आपलं धुणं धू."

"धुतेच आहे."

न्योकाबीला राग आला, पण कुणाचा ते तिला ठरवता येईना. लुस्वेतीचा आला, काकांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

ऊन कलायला लागलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी दिसली. डोक्यावर पोतं, बगलेत पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारी कोंबडीची मान. ती पाण्याच्या हिरव्या टाकीपाशी थांबली, खोल्या मोजल्यासारखं केलं आणि थेट न्योकाबीसमोर येऊन उभी राहिली.

"लुस्वेतीचं घर हेच ना गं पोरी? शेवटचं?"

"हो."

"मी त्याची आई. बुंगोम्याकडच्या गावाहून आले." म्हातारीने पोतं उतरवलं, कंबर सरळ केली. "तो मला घ्यायला गाड्यांच्या अड्ड्यावर थांबणार होता. मला वाटेत लॉरी मिळाली, तिने टाकीपाशीच सोडलं. फोनची बॅटरी मेलीये. शोधत असेल बिचारा." मग तिची नजर चौकटीवर गेली. "दार कुठंय?"

"सुताराकडे," न्योकाबी म्हणाली. "खालून कुजलं होतं." खोटं इतकं सहज आलं की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"आणि तू राखण बसलीस?"

म्हातारीने न्योकाबीचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"शहरात कोणी कुणाचं नसतं म्हणतात. बघा आता! कामधंदा टाकून माझ्या पोराच्या उंबऱ्यावर बसलीये बाई." तिने कोंबडीची पिशवी पुढे धरली. कोंबडीचे पाय केळीच्या सोपटाने बांधले होते. "ही घरमालकिणीसाठी आणलीये. कुठं राहते ती? तुझ्या ओळखीची असेल ना? कशी आहे गं?"

अकुमूचे हात बादलीत जिथल्या तिथे थांबले.

"असते आपली," न्योकाबी म्हणाली. "बाकीच्या मालकिणी असतात तशी."

"छे छे, बाकीच्यांसारखी कुठली! पाय मोडून पडला होता ना तो, तेव्हा रोज पेज पाठवायची म्हणे. भाड्याचा भ सुद्धा काढला नाही तिने. लुस्वेतीच सांगायचा फोनवर. मी तिकडे रडत बसलेली, तर म्हणायचा, आई, रडू नकोस, इथं मला दुसरी आई आहे." म्हातारीने डोक्याच्या फडक्याच्या टोकाने डोळे टिपले. "तेव्हाच ठरवलं, अंड्यावर आलेली कोंबडी घेऊन जायची. रिकाम्या हाताने तिला तोंड कसं दाखवायचं?"

लुस्वेती पाय मोडून पडला होता तेव्हा न्योकाबी याच उंबऱ्यापर्यंत आली होती. काकांनी सांगितलं होतं तसं सगळं उभ्यानेच ऐकलं होतं. पाय मोडलाय, हात तर धड आहेत ना, फोन कर कुणाला तरी आणि उसने घे, असं म्हणून निघून गेली होती. पेज तर सोडाच, तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी त्याने आईला फोन केला असेल.

"घर कुठलं तिचं?" म्हातारीने पुन्हा विचारलं.

"ती बाहेर गेलीये."

"मग थांबते." म्हातारी उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसली. कोंबडी मध्ये ठेवली. दोघी गल्लीकडे बघत राहिल्या. न्योकाबीला उठून पळावंसं वाटत होतं, तरी ती बसून राहिली. अकुमू केव्हा तरी आत गेली, चहाचा कप म्हातारीच्या हातात देऊन गेली आणि न्योकाबीकडे न बघता दुसरा तिच्यापुढे ठेवून गेली.

लुस्वेती लंगडत, धापा टाकत आला. आईला बघून त्याचा चेहरा उजळला. मग त्याला चौकट दिसली. स्क्रूंची भोकं दिसली. आणि आईला लागून बसलेली न्योकाबी दिसली. तो जागच्या जागी थांबला.

"अरे, ये ना असा," म्हातारी म्हणाली. "किती शोधलंस मला! ही बाई दिवसभर तुझ्या घरावर बसलीये, ठाऊक आहे? सुताराकडून दार येईपर्यंत. हिला आधी धन्यवाद दे."

न्योकाबीने नजर वर केली. लुस्वेती आता बोलेल, आईच्या देखत तिचा तेव्हाचा एक एक शब्द उच्चारेल, आणि त्याला तेवढा हक्क आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आणि तुझी घरमालकीण बाहेर गेलीये म्हणे," म्हातारी म्हणाली. "कोंबडी द्यायचीये तिला. येईल ना रे आज?"

लुस्वेतीने आईकडे बघितलं. मग न्योकाबीकडे बघत राहिला, भाड्याचे वायदे करताना कधी बघितलं नव्हतं तसं, अगदी सरळ.

"येईल," तो म्हणाला. "आज येईलच ती. आपण थांबू, आई."

न्योकाबी उठली. अंगावरचा झगा झटकला. पाय बधिर झाले होते, म्हणून क्षणभर चौकटीला धरून उभी राहिली.

"मी बघून येते," ती म्हणाली, "कुठवर आलीये ती."

ती किहोरोकाकांच्या आवाराच्या दिशेने चालू लागली. टाकीपर्यंत पोचली असेल, तेवढ्यात मागून म्हातारीची हाक आली.

"भेटली तर सांग गं तिला! कोंबडी कापू नको म्हणावं, दोन दिवसांत अंडी देईल!"

"सांगते," न्योकाबी म्हणाली. तिने मागे वळून बघितलं नाही.