बागेच्या दारातल्या चपला

"कुठं फेकल्यास? बोल ना! आता का दातखीळ बसली तुजी?"

लहानीचा आवाज अख्ख्या बागेत घुमला. बाकावर पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली. जगदीश वॉचमन फाटकाला टेकून निवांत तंबाखू मळत होता.

"कचरा वाटला मला. घंटागाडी आली, दिल्या टाकून. बागेच्या दारात कुणी चपला काढतं का, मावशी? देऊळ हाय का हे?"

"देऊळ असतं तर चोरीला तरी गेल्या असत्या! तू कचऱ्यात घातल्यास, मेल्या! नव्याकोऱ्या लाल-निळ्या चपला, आन् तुला कचरा दिसल्या?"

लहानी शेणवे गावाच्या वरच्या पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, यातच तिचे केस पिकले. पोरांना एकदा शहापूरची बाग दाखवायची, घसरगुंडीवर बसवायचं, हा हट्टही तिचाच. सेविका सरिताबाई नकोच म्हणत होत्या. लहानीनं घरोघर फिरून आयांना पटवलं. शहरात आपल्या पोरांना कुणी हसायला नको म्हणून आयांनी मुद्दाम चपला घेतल्या, नाहीतर एरवी ही पोरं अनवाणीच हिंडायची. काजलनं तर रात्री आपल्या चपला उशाशी घेतल्या होत्या.

सकाळी फाटकातून आत शिरताना लहानी थबकली होती. भर बाजारपेठेत, दुकानांच्या गराड्यात एवढी थोर झाडं! वड, जांभूळ, शिरीष. खाली गारेगार सावली, आणि प्रत्येक बुंध्याला तांबडा पट्टा. पाड्याच्या वर देवाची राई आहे. तिथल्या झाडाला कुणी कोयता लावत नाही, तिथली वाळकी काटकी चुलीत घालत नाही आणि राईत शिरताना पायात काही ठेवत नाही. बागवाल्यांनी ओढलेला गेरू लहानीला शेंदूर वाटला.

"चपला काढा रं पोरांनो," तीच म्हणाली होती. स्वतःच्याही काढल्या. पोरांनी शहाण्यासारख्या जोड्या लावून ठेवल्या. सरिताबाई फोनवर बोलत मागून आल्या, त्यांचं लक्षही गेलं नाही.

आता सरिताबाई घंटागाडीच्या मागे धावून, घामाघूम होऊन परत आल्या.

"नाही सापडली हो गाडी. जाऊ द्या, लहानीताई. लोक बघतायत."

"बघू दे की! कशाला जाऊ देऊ? त्यांच्या आयांना त्वांड तुमी दाखवणार का मी?"

सरिताबाईंनी पदरानं घाम पुसला. त्यांच्या पायात सँडल होत्या, त्यांचं काय जात होतं!

"बारा वाजले," जगदीश म्हणाला. "बाग बंद करायचा टाइम झाला. चला, निघा भायेर."

पोरांतला मंगळू आधी फाटकाबाहेर गेला. डांबरावर दोन पावलं टाकली आणि बोंब ठोकत उड्या मारत परत आला. त्याचे तळवे लालेलाल झाले होते. ते बघून लहानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सगळ्या पोरांना गोळा केलं आणि थेट वडाखाली जाऊन फतकल मारली.

"घाल कुलूप! ऊन उतरल्याबिगर एक पोर हलणार नाय हितून."

"सायबाला फोन लावीन हां!"

"लाव. आन् सांग त्याला, येताना पोरांच्या चपला घेऊन ये."

जगदीशनं शिव्या पुटपुटत खरंच बाहेरून कुलूप घातलं आणि जेवायला निघून गेला.

पोरांची मात्र चंगळ झाली. सगळी बाग त्यांचीच! घसरगुंडीच्या पत्र्याचे चटके बसत होते, म्हणून ती झोपाळ्यावर तुटून पडली, आणि दमली तशी सावलीत एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली. सरिताबाईही पदर तोंडावर घेऊन लवंडल्या. लहानीचा डोळा लागेना. ती धुमसत होती. त्या जगदीशवर, न भांडणाऱ्या सरिताबाईंवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. कुणी विचारलं होतं का तुला, चपला काढायच्या का म्हणून? गेरू आणि शेंदूर कळत नाही, आणि निघाली पोरांना शिकवायला! तिनं रागानं बुंध्यावर नख ओढलं. रंगाची भुकटी नखात आली.

जगदीशनं चार वाजता कुलूप काढलं. लहानीकडे न बघता तो बाजूला झाला. पोरं ओळीनं बाहेर पडू लागली. काजल मात्र फाटकातून मागे वळली आणि वडाकडे तोंड करून तिनं हात जोडले.

लहानीनं तिचे हात खसकन खाली ओढले.

"ह्याच्या नाय पाया पडायचं. हितं देव नाय."

काजल बावरून तिच्याकडे बघत राहिली.

"मंग आपून चपला कशाला काढल्या, आजे?"

 लहानीनं काजलला उचलून कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं मंगळूला धरलं आणि अजून तापलेल्या डांबरावर पाय टाकला.