मेपल स्ट्रीटची बोली

बीक-हाचा लेक चेक-हान मँचेस्टरला गेला तेव्हा सुरुवातीला त्याचा फोन तासभर चालायचा. मग उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा तो आटत गेला. "जेवलीस का? औषध घेतेस ना? बरं, ठेवतो." बीक-हा मग हाँगकाँगमधल्या शाम शुई पो वस्तीतल्या त्या वीतभर घरात पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राही. लेक खुलायचा तो फक्त फुटबॉलवर, आणि त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

म्हणून ती घराजवळच्या मेपल स्ट्रीटच्या फुटबॉल मैदानावर गेली. तिच्या नवऱ्याचा जुना सवंगडी तिम कठड्यावर बसला होता. नवरा जाऊन वर्षं झाली, तिमचेही गुडघे गेले. तोंड तेवढं शाबूत.

"वहिनी, या वयात शिकताय? मग गोलकीपरच व्हा, पळावं लागत नाही!"

"थट्टा पुरे, भावोजी. खेळणारे बोलतात तसं बोलायला शिकवा."

समोर एकाच्या थोबाडावर चेंडू आदळला. "हा बघा, बॉलचं बिस्कीट खाल्लं!" तिम एकेक सांगत गेला. एकही गोल झाला नाही, तर अंडं खाल्लं. हमखास जिंकणारा हरला की चूल उलटली; हे मूळचं घोड्यांच्या शर्यतीतलं. दुखण्याचं सोंग करून कामाला दांडी मारली, तर बॉल मारला.

बीक-हा घोकत घोकत घरी आली.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. "जेवलीस का?"

"जेवले. तुझ्या लाडक्या संघाने काल अंडं खाल्लं म्हणे?"

पलीकडे हसू फुटलं. "आई! असं आता कोण बोलतं? म्हाताऱ्यांची भाषा ही!"

तिचं तोंड उतरलं. तिमकडून शिळंच घेऊन आलो की काय आपण?

"बाबा बोलायचे असं," तो हळूच म्हणाला. "अजून बोल ना."

तिने बिस्कीट सांगितलं, चूल सांगितली, बॉल सांगितला.

"शाळा बुडवून मैदानात सापडलो की बाबा विचारायचे, 'आज बॉल मारलास काय रे?' आणि स्वतःच आइस्क्रीम घेऊन द्यायचे. तुला सांगू नको म्हणायचे."

हे तिला ठाऊकच नव्हतं.

"अजून एक सांग."

शब्द तर संपले होते. बीक-हाने इकडेतिकडे पाहिलं. गॅसवर सूप रटरटत होतं. "आणि... हरलेला संघ मान खाली घालून घरी गेला, की म्हणतात, पातेल्याचं झाकण घेऊन गेला."

"आई, हे तू आत्ता रचलंस."

"हो."

आता ठेवेल, तिला वाटलं.

"मग त्यांच्या गोलकीपरने काय नेलं?" त्याने विचारलं.

तिने गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसली.