मोतीवाल्या बँकेची दुनळी

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. मित्रांनो, नाव ऐकून मागे सरकू नका, माझ्यात आता काडतूस नाही. मिरजगावच्या बिभीषण तात्यांबरोबर मी कित्येक वर्षे बँकेच्या दारात उभी राहिले. त्यातली बहुतेक वर्षे कंटाळ्याची होती आणि तीच चांगली होती.

कारखान्यात माझ्या पोलादी नळ्या घडल्या, त्यांना अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसला. फौजेतून निवृत्त झालेल्या तात्यांनी परवाना काढून मला विकत घेतले. पहिली नोकरी एका पतसंस्थेत होती. तात्या स्टुलावर बसत आणि मी त्यांच्या गुडघ्याला टेकून राही. पेन्शनसाठी आलेल्या म्हाताऱ्या बाया आपली पिशवी माझ्या शेजारी ठेवून निर्धास्त रांगेत उभ्या राहत. खंडेनवमीला मला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळे. आपला जन्म राखणीसाठीच आहे, असे मला वाटे.

मग हायवेला पर्ल स्ट्रेट बँकेची शाखा उघडली. तिचे मुख्य कार्यालय समुद्रापलीकडे आणि शाखा आशियातल्या कितीतरी देशांत. पाटीवर मोठा मोती होता, म्हणून गाव तिला मोतीवाली बँक म्हणू लागले. तात्यांना तिथे जास्त पगाराची नोकरी आणि नवा गणवेश मिळाला. एवढ्या मोठ्या बँकेला मिरजगाव कशाला हवे, हे कोणी विचारले नाही.

काळ्या काचांची एक गाडी अधूनमधून यायची. त्यातली माणसे सही न करता लॉकरच्या खोलीत जात, जड बॅगा आत ठेवत आणि मोकळ्या हाताने परतत. ती आली की मॅनेजर तात्यांना फाटकाबाहेर उभे राहायला सांगत. पुढे टीव्हीवर बातमी आली. नशेचा माल विकणाऱ्या टोळ्या या बँकेतून आपला पैसा देशोदेशी फिरवतात, असा संशय होता. चौकशीचे अधिकारी मिरजगावात आले तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. लॉकर सांभाळणाऱ्या, मूळच्या राहुरीच्या सविताने मात्र जे पाहिले ते सांगितले, आणि कोर्टातही सांगेन म्हणाली.

तेव्हापासून तिला धमक्यांचे फोन येऊ लागले. तात्या रोज संध्याकाळी मला खांद्याला अडकवून तिला एसटीत बसवून देत.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी ते आले. मॅनेजर त्या दिवशी लवकरच जेवायला निघून गेले होते. तोंडाला रुमाल बांधलेले दोघे कोयते घेऊन सरळ सविताच्या टेबलाकडे धावले. पहिल्याने वार केला. तिने डोक्यावर हात धरला म्हणून डोके वाचले, पण मनगटापासून कोपरापर्यंत हात उभा चिरला गेला. काचेवर रक्त उडाले. माणसे टेबलांखाली शिरली. तात्या ओरडले, थांबा म्हणाले, आणि त्याच क्षणी दुसऱ्याचा कोयता त्यांच्या खांद्यात रुतला. त्यांनी माझा चाप ओढला.

इतकी वर्षे मी गप्प होते. त्या दिवशी बोलले, आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाची छाती फुटली.

तो खाली पडला तसा रुमाल सुटला. तो कल्याण होता. तात्यांच्याच वस्तीवरच्या बायडाबाईचा एकुलता एक मुलगा. आई दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि हा वर्षभर काम शोधत फिरायचा. अलीकडेच त्याला काळ्या काचांच्या गाडीवर ड्रायव्हरकी मिळाली होती. हातातला कोयताही आईचाच, ऊसतोडीचा.

तात्या गुडघ्यावर बसले. कल्याणने त्यांना ओळखले.

"तात्या," तो म्हणाला, "निस्तं भेव दाखवायचं म्हनले हुते मला."

एवढे बोलून त्याने मान टाकली.

पहिला माणूस दाराकडे पळत होता. माझ्या दुसऱ्या नळीत काडतूस शिल्लक होते आणि त्याची पाठ अगदी समोर होती. तात्यांनी मला उचलले, नेम धरला आणि तसेच खाली ठेवले. त्या माणसाला बाजारातल्या लोकांनी धरले. जीव जाईल इतके मारले, पोलीस आले म्हणून वाचला.

सविताचा हात टाके घालून सांधला, पण दोन बोटे कायमची ताठ राहिली. तशाच हाताने शपथ घेऊन तिने कोर्टात सगळे सांगितले. शाखेला कुलूप लागले. समुद्रापलीकडचे मोठे साहेब टीव्हीवर म्हणाले, मिरजगावात काय घडले याच्याशी आमचा संबंध नाही. त्यांची चौकशी अजून चालू आहे आणि त्यांच्या बाकीच्या शाखाही.

तात्या निर्दोष ठरले. गावाने सत्कार ठरवला, मलाही हार घालायचे ठरले. तात्या तिकडे गेले नाहीत. ते बायडाबाईच्या दारात गेले. ती चुलीपुढे बसली होती. तिने त्यांना पाणी दिले, ते पिऊन होईपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली, "तुजा दोष न्हाई म्हन्त्यात समदे. म्या बी तेच म्हन्ते. पन पुन्यांदा ह्या दारात येऊ नको, भाऊ."

तात्या पाय ओढत घरी आले. कोर्टाने मला परत न्यायला सांगितले होते, पण त्यांनी परवानाच जमा करून टाकला. तेव्हापासून मी पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. शेजारी तो कोयता आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे मायेने बघण्याची विनंती करतात. मी तशी करणार नाही. मला तेल लावू नका, माझा गंज खरवडू नका. काळजी घ्यायचीच असेल तर वस्त्यांवर कामाची वाट बघत बसलेल्या पोरांची घ्या. त्यांना न्यायला एखादी चकचकीत गाडी येईल, त्याआधी तुम्ही त्यांच्या दारात जा.