कॅबिनेटपुढचा कूलर

गजेंद्रने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बॅटरी मारली. मदरबोर्डवर पांढरं फटक मीठ चढलं होतं, बोअरच्या पाण्याची बादली वाळली की तिच्या काठावर बसतं तसं. पिनांना हिरवा गंज आला होता.

"नळी फुटली नं, भाऊ?" मागून रंजीता म्हणाली. "मले तवाच भेव वाटलं व्हतं. लाइटच्या सामानात पानी कायले पाह्यजे?"

तांड्यावरच्या या टिनाच्या घरात बसून रंजीता लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. मायलेकींचं घर त्याच मशीनवर चालायचं, आणि ऐन लग्नसराईत मशीन काल गार पडलं होतं.

प्रोसेसर गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीवरून गजेंद्रने बोट फिरवलं. नळी बाहेरून कोरडी ठणठणीत. ज्या पाण्याचं सगळ्यांना भय, ते बिचारं मुकाट्याने नळीतच होतं. बाहेर थेंबही आला नव्हता.

खरं तर गजेंद्रच्या मानोऱ्याच्या दुकानात रंजीताने मशीन गार ठेवायला साधं हवेवालंच मागितलं होतं. पातळ पत्र्यांचा ठोकळा, वर पंखा. धूळ बसली तर ब्रशने झाडायची, पंखा गेला तर दुसरा लावायचा. पण त्याला हौस भारी. "साऱ्या तालुक्यात कोनाकडं पान्यावालं नाई," असं म्हणून त्याने ते पोरीच्या गळ्यात मारलं, निळ्या दिव्यांसकट फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि मिशीला पीळ देत फिरला. पाणी असो की पंखा, आतली उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडायची असते आणि वैशाखात टिनाखालची हवा म्हणजे भट्टी असते, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

वैशाखातच तिचा फोन आला होता. "भाऊ, मशीन तापून बंद पडून राह्यली." तेव्हा हे गजेंद्र साहेब शिरपूरला सासरी आमरस हाणून आडवे झालेले. येऊन बघायला हवं होतं. पण ऊन मी म्हणत होतं आणि पोट जड झालं होतं. "झाकन खोल अन् घरचा कूलर पुढं लाव," असं सांगून त्याने फोन ठेवला आणि कूस बदलली. कूलरच्या गवताच्या ताट्यांतून आलेली ती ओली, खारी हवा सारा उन्हाळा मशीनच्या पोटात जात राहिली.

तेवढ्यात रंजीताची आई, तिची याडी, नानीबाई डोक्यावर घागर घेऊन आत आली.

"आला का रे भाऊ? पाह्य, तू सांगतलं तसंच केलं म्या. कूलर कोरडा पडू देल्ला नाई. हापशीवरून आनून आनून भरला."

"याडी सोता भायेर निंबाखाली पडे," रंजीता म्हणाली. "म्हने, मशीनले लागू दे हवा, मले काय होते."

गजेंद्रने पेचकस उगाच चाळवला. घागर खाली ठेवून नानीबाई त्याच्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "खरं सांग भाऊ. भरतानी माह्या हातून तं नाई सांडलं आत? कालपासून घास उतरला नाई माह्या नरड्याखाली."

"नाई, मावशी. नळीच फुटली. मालच खराब आला."

नानीबाईने सुस्कारा सोडला. तिचं ओझं उतरलं, आणि गजेंद्रचंही. आपलंही उतरलं याची त्याला लगेच किळस आली.

"मंग या बारीले हवेवालं बसव बापा," ती हसून म्हणाली. "अन् कूलरची फिकीर नको करू. म्या हाओ नं. अजून दोन खेपा जास्त आनीन."

"हवेवाल्याले कूलर लागत नाई, मावशी."

"काहून? गार हवा तं चांगलीच नं?"

या साध्या प्रश्नाला आणखी एक थाप जोडता आली असती. त्याने तोंडही उघडलं. पण घागरीच्या पाण्याने भिजलेला तिचा खांदा समोर होता, आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"त्या गार हवेनंच गेली मशीन," तो खाली बघत म्हणाला. "कूलरच्या हवेत पानी राह्यते, ते आत बसलं. तुमी काई सांडलं नाई. लावाले मी सांगतलं व्हतं, घरी येऊन पाहाचं सोडून. नळी फुटली म्हनलो, तेबी खोटं."

रंजीताचा चेहरा उतरला. "पान्यावालं तुमीच गळ्यात घातलं. अन् कूलरचंबी तुमीच सांगतलं."

"हो."

"अन् माही याडी सारा उन्हाया पानी वाहून राह्यली."

बोर्ड आपल्याकडचा बसवून देतो, एवढं तो कसंबसं पुटपुटला. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या.

नानीबाई पुढे झाली. कूलर धरून तिने तो कॅबिनेटपासून वळवला, गजेंद्रच्या तोंडासमोर आणला, आताच आणलेली घागर त्यात रिकामी केली आणि बटण दाबलं.

"राहू द्या, मावशी."

"बस. उनातून आला तू."

गार हवेचा झोत त्याच्या तोंडावर आला. त्याने मान खाली घालून पहिला स्क्रू काढला. नानीबाई रिकामी घागर घेऊन बाहेर गेली आणि निंबाखाली जाऊन बसली.